न मागता आलेली पत्रिका

सुधाताईंच्या संगणकाला काहीच झालेले नव्हते. तरीही त्याच्यामुळेच मला यशश्री भेटली.

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, थाटीपुरच्या त्यांच्या घरी मी तो तपासायला पोहोचलो, तेव्हा पडद्यासमोर त्यांची भाची बसली होती. केसांत घाईने खोचलेली पेन्सिल, मांडीवर शेंगदाण्यांची बशी. मराठी मंडळात कुणीतरी ईमेलने इशारा धाडला होता: अमुक नावाचे पत्र उघडल्यास संगणक जळून जाईल, हा निरोप सर्वांना कळवा.

"आत्याने सगळ्यांना भेजून पण दिला," ती म्हणाली.

"खरा इशारा 'सर्वांना कळवा' म्हणत नाही," मी हळूच म्हणालो. "पत्रात काही नसतं. घाबरलेली माणसंच ते पसरवतात."

"म्हणजे आत्याच व्हायरस?"

"ऐकू येतंय हं मला," स्वयंपाकघरातून सुधाताई म्हणाल्या.

"आणि खरा व्हायरस कसा असतो?"

"तो ओळखीच्या नावाने येतो. सोबत फाइल असते. न मागता आलेली फाइल उघडायची नाही… पाठवणाऱ्याला फोन करून विचारायचं."

"बस, इतकंच? तरी लोकं फसतात?"

"मन दुसरीकडे असलं की फसतात."

त्या हिवाळ्यात शहरावरचा किल्ला दिवसच्या दिवस धुक्यात नाहीसा होई, आणि नवनव्या अफवा घेऊन तिचे ईमेल येत राहत — 'हे खरं का, अंबरीश?' पुढे पुढे त्या अफवा इतक्या बाळबोध होत गेल्या, की तिला उत्तर आधीच ठाऊक असावे असे मला वाटे. मी तरीही लांबलचक उत्तरे लिहीत असे. लिहायचे होते ते मात्र दर वेळी खोडत असे.

मग एका सकाळी तिच्या नावाने पत्र आले, विषय: 'माझ्या लग्नाला नक्की या.' खाली एक फाइल. मजकूर नव्हता, आणि ती तर एका ओळीच्या निरोपातही आत्याची तक्रार करी. फाइलच्या नावामागचे शेपूटही, .exe, पत्रिकेचे नव्हते. मला सारे दिसत होते. दिसत असूनही मला फक्त वराचे नाव हवे होते.

मी ती उघडली. लॅपटॉप गोठला, मग काळा झाला. मी नेट तोडले, तोवर उशीर झाला होता.

संध्याकाळी ती सिटी सेंटरमधल्या माझ्या कार्यालयात आली. शालीवर धुक्याचे दव होते.

"माझा ईमेल हॅक झाला. सुबह से फोनवर फोन. मंडळाचे तात्यासाहेब ऐंशीचे, त्यांनी पण विचारलं — पोरी, हे तूच पाठवलंस का? फक्त तुमचाच फोन नाही आला."

"पासवर्ड बदललात?"

"बदलला, दुसऱ्या मशीनवरून. विषय नका बदलू. तुम्हाला मेल नाही मिळाला?"

"मिळाला."

"फिर?"

"उघडला."

ती हसली, मग टेबलावरचा निष्प्राण लॅपटॉप तिला दिसला, आणि हसू ओठांवरच थांबले.

"तुम्ही? दुनियाला शिकवता… एक फोन नाही करायचा?"

"तुम्ही 'हो' म्हणाला असता तर —"

ती समोरच्या खुर्चीत बसली. चार्जरची वायर बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"ठरलेलं नाही अजून," ती खाली पाहत म्हणाली. "पण रविवारी भोपाळहून पाहुणे येताहेत. आत्याने बुलावलंय. मुलगा चांगला आहे म्हणे." वायर सुटली. "तुम्हाला काही विचारायचं असेल, तर आज विचारा ना."

आजवर प्रत्येक वाक्य मी मनात तपासून पाहिले होते, आणि बहुतेक तिथेच ठेवले होते. यालाही मी तपासू लागलो असतो, तर रविवार उजाडला असता.

"त्यांना… येऊ नका म्हणून कळवाल?"

"आत्या कारण विचारेल."

"कारण मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. तुम्हाला चालणार असेल तर."

बाहेर धुक्यात गाड्यांचे दिवे पिवळसर विरघळत होते. तिने शाल सावरली आणि ती उठली.

"चालेल," ती म्हणाली. "पण आत्याला तुम्ही सांगायचं. समोर बसून. आत्ता."

मी मफलर गळ्याभोवती घेतला. तिने त्याची टोके सारखी केली, आणि माझ्याआधी जिना उतरू लागली.