जोडपट्टी

मृणालिनी साखवळकरांनी संगणकाची पेटी रिक्षातून मांडीवर घेऊन आणली. मिरजेत तोवर रिक्षा चालकाविना धावायला लागल्या होत्या, पण खड्डे होते तिथेच होते, आणि प्रत्येक खड्ड्याला बाई पेटीला "सांभाळ गं" म्हणत होत्या.

नसीम मुजावरच्या दुरुस्ती-प्रयोगशाळेत त्यांनी ती टेबलावर ठेवली. नसीमचे आजोबा याच जागेत तंबोरे करायचे. नसीम स्मृतिपट्ट्या बसवायची.

"चारू विसरायला लागलीय," बाई म्हणाल्या.

चारू ही त्यांची धाकटी बहीण. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. शेवटच्या आजारात वर्षभर तिने आपल्या आठवणी सांगून या पेटीत भरल्या होत्या, आणि त्यांवर चालणारा 'सहवासी' तिच्या आवाजात, तिच्याच धांदलीने बोलायचा. बहात्तर वर्षांच्या, निवृत्त भूजलतज्ज्ञ बाईंना घरात दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी दोघी गावांच्या भेंड्या खेळायच्या. बाईंनी 'सांगली' म्हणायचा अवकाश, तिकडून 'लातूर' आलंच.

नसीमने पट्टी तपासली. "काठोकाठ भरलीय, मावशी. आता नवीन काही बोललात की जागा करायला सगळ्यात जुनं पुसलं जातं."

"तेच तर! आजोळची सुट्टी गेली. परवा विचारलं, तर म्हणते, कुठलं आजोळ?" बाईंनी पेटीवर हात ठेवला. "आता गालगुंडाची पाळी. मी चौथीत गालगुंडाने अंथरुणात होते. बरी होऊन आले की पोरं मला हसतील, म्हणून ही पहिलीतली चिमुरडी दोन्ही गालांत कापसाचे बोळे कोंबून वर्गात जाऊन बसली! तिथे काय झालं ते मी पाहिलेलं नाही, ते तिच्याचकडे आहे. ते जाता कामा नये. मोठी पट्टी घाल."

"घालीन, पण आज मिळते ती पट्टी हिच्याशी जुळत नाही. न जुळणाऱ्या पट्ट्या एका पेटीत घातल्या की सगळी पेटी सगळ्यात हळू पट्टीच्या चालीने चालते. तुम्ही 'सांगली' म्हणाल, आणि 'लातूर' येईपर्यंत तुमचा चहा होईल."

"मग ती चारू कसली? छे!"

"मग उपाय एकच, जोडवाचन. त्याच कारखान्याची, त्याच खेपेची जुळी पट्टी हवी. आजोबा एका वेलीचे दोन भोपळे घेऊन तंबोऱ्यांची जोडी करायचे ना, तसं. प्रत्येक आठवण अर्धी या पट्टीवर, अर्धी त्या पट्टीवर, आणि दोन्ही एकाच वेळी वाचायच्या. जागा वाढते, वेग तिळभर कमी होत नाही. फक्त एकदा जोडल्या की पुन्हा वेगळ्या करता येत नाहीत."

कारखाना केव्हाच बंद पडला होता. पण तशी एक पट्टी नसीमच्या कपाटात होती. ती जयसिंग घोरपड्यांची. रेल्वेत सिग्नल निरीक्षक होते; पंचाहत्तरीचे, एकटे. विजेच्या झटक्याने त्यांची पेटी जळाली, पट्टी तेवढी वाचली. तिच्यावर त्यांचा वारलेला मित्र बापू होता, जन्मभर स्टेशनात गाड्यांच्या घोषणा केलेला. तरी पट्टी चारातले तीन भाग रिकामी, कारण घोरपडे समोर बसून नुसतं "हं" करायचे.

नसीमने त्यांना बोलावून सगळं समजावलं. घोरपड्यांनी पट्टी हातात घेतली.

"बापू पुन्हा बोलेल?"

"बोलेल. पण साखवळकर मावशींच्या घरी."

"चालेल."

"तुम्ही दोघं रोज दोन तास बोललात तरी तीस वर्षं जागा पुरेल," नसीम म्हणाली.

"अगं बाई, आम्हीच कुठे तीस वर्षं पुरायचे!" बाई आठवड्याभरात पहिल्यांदा हसल्या.

पट्ट्या जोडल्या. घोरपडे रोज पाचला यायचे, खुर्चीत बसायचे, बापूला "हं" म्हणायचे, सातला जायचे. हा माणूस शब्द रेशनवर आणतो की काय, असं बाईंना वाटे. पण चारू पूर्वीसारखीच तडफदार होती, गालगुंडाची गोष्ट जागेवर होती. झोपताना बाई पेटी बंद करत नसत. बोलत्या माणसाला बंद करून झोपायचं? जमायचं नाही त्यांना. सहवासी समोरून कुणी बोललं तरच बोलतो, त्यामुळे सहा वर्षांत त्याने काही बिघडलं नव्हतं.

आठ दिवसांनी बाई डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तीन दिवस सांगलीला राहिल्या. परतल्या त्या संध्याकाळी घोरपडेही आले.

"चारू, सांगली!"

"लातूर!" उत्तर तत्काळ आलं. "आपण कोण?"

"चेष्टा पुरे गं. ताई!"

"कुणाची ताई?"

घोरपडे खुर्चीतून अर्धे उठले. "बापू?"

"बोला साहेब. कुठल्या स्टेशनचे आपण?"

नसीम धावत आली. तिने तासभर नोंदी वाचल्या आणि मग डोक्याला हात लावला.

"चूक माझी. सहवासी समोरून कुणी बोललं की बोलतो. आता समोर कायम कुणीतरी आहे. तुमच्यामागे ही दोघं आवाज न करता, आतल्या आत एकमेकांशी बोलत होती, तीही पट्टीच्या वेगाने. तुमचं एक वाक्य होईतो त्यांची शंभर होतात. आधी भेंड्या खेळली. देशातली गावं संपली, परदेशची संपली, मग एकमेकांना सगळं सांगत बसली. तीस वर्षांची जागा आठ दिवसांत भरली. पुढच्या तीन दिवसांत जुनं पुसलं गेलं."

"म्हणजे मी," बाई म्हणाल्या.

"एक हळू पट्टी घालते, मावशी. सगळी पेटी तुमच्या चालीवर येईल. गेलेलं येणार नाही, पण ती तुमच्याशी नव्याने..."

पेटीतून चारूचं हसू आलं. बापूच्या कशालातरी ती हसत होती, तशीच, खिदळत. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि डॉक्टरांनी मना केलेलं असूनही त्यांनी डोळे चोळले.

"नको. माझ्याशी भेंड्या खेळताना ती सहा वर्षं माझी वाट बघत बसायची. आता तिला जोडी मिळालीय. हळू पट्टी मीच आहे, मला मध्ये घालून त्यांची चाल कशाला अडवायची?"

नसीम गेली. सात वाजून गेले तरी घोरपडे उठले नाहीत. बाईंनी दिवाही लावला नव्हता. कुणाशीच बोलू नये, असं त्यांना वाटत होतं.

"गालगुंडाचं काय होतं?" घोरपड्यांनी विचारलं.

"तुम्ही ऐकून काय करणार?"

घोरपड्यांनी खुर्ची पुढे ओढली. "माझ्याकडे जागा आहे. माझीही पट्टी तीन भाग रिकामीच राहिली."

बाईंनी नाक पुसलं. चारूकडून ती गोष्ट त्यांनी शंभरदा तरी ऐकली होती, पण स्वतः कधी कुणाला सांगितली नव्हती.

"मी चौथीत होते. ही पहिलीत. ही गाल फुगवून वर्गात बसली..."

"हळू सांगा. मला हळूच कळतं."

"बसली. वर्गाच्या बाई आल्या. म्हणाल्या, चारुशीला, तोंडात काय आहे?" बाई थांबल्या. पुढचं आठवायला त्यांना वेळ लागला, आणि समोरचा माणूस घाई न करता थांबला. "तर ही बोळे न काढताच म्हणाली, गालगुंड आहे, बाई. अर्धं ताईकडे ठेवलंय, अर्धं मी घेऊन आलेय."