तार नसलेलं कार्ड

काम साधंच होतं. रुग्णालयाच्या तळघरातला जुना संगणक बंद करून भंगारात द्यायचा. तिला दादाच्या जागी नोकरीवर घेतलं होतं, तेही उपकार केल्यासारखं, त्यामुळे दादाचा संगणक बंद करणंही तिच्याच वाट्याला आलं.

वॉर्डातल्या खाटेशी बेल दाबली की ती याच संगणकातून नर्सच्या टेबलावर वाजायची. एकदा ती वाजली नाही आणि कोपऱ्यातल्या खाटेवरची म्हातारी बेल दाबत दाबत गेली. दादानं बेलचे संदेश आणणारं नेटवर्कचं कार्ड बंद ठेवलं, असं साहेबांनी ठरवून टाकलं. दादा सांगत राहिला, बंद केलेलं कार्ड स्क्रीनवर ‘डाऊन’ दिसतं, हे ‘अप’ होतं. नुसती तार निघालेली होती. ती कुणी काढली ते विचारा. पण गाढवापुढे वाचली गीता. साहेबांच्या केबिनमधल्या टीव्हीला त्याच दिवशी तार मिळाली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी अळीमिळी गुपचिळी. दादा अंथरुणाला खिळला तो उठलाच नाही.

तिनं कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड दिली. कार्ड अप, तार नाही. दादा म्हणाला होता अगदी तसंच.

“वाचा,” ती मागे उभ्या असलेल्या साहेबांना म्हणाली.

“मला त्यातलं काय कळतंय? उरका लवकर.”

सवयीनं तिनं तीच कमांड पुन्हा दिली. आलेल्या संदेशांचा आकडा वाढला होता. तिनं मागे वाकून पाहिलं. तारेच्या भोकात धूळ साचली होती. पुन्हा पाहिलं, आकडा आणखी वाढलेला. मध्येच थांबायचा, दम खाऊन पुन्हा पुढे सरकायचा. तळघरात फिनेलचा वास दाटला.

“कुठून येतंय हे?” साहेब स्क्रीनकडे वाकले.

“कोपऱ्यातल्या खाटेकडून,” ती पाठवणाऱ्याचा पत्ता वाचत म्हणाली.

त्या वॉर्डातल्या खाटा कधीच विकल्या होत्या. साहेबांनी भिंतीला हात टेकला.

“तार मी काढली होती… झालं समाधान? बंद कर ते…”

तिला समाधान वगैरे काही झालं नाही. ऐकायला दादाच नव्हता, मग या कबुलीचं करायचं काय? तिनं कमांड लिहिली आणि सरकून बसली. शेवटची कळ साहेबांनीच दाबली. कार्ड डाऊन. आकडा थांबला. साहेब घाम पुसत जिन्यावरून वर गेले.

तिनं एकदा शेवटचं पाहिलं. कार्ड डाऊनच होतं, आलेल्यांचा आकडा जागच्या जागी. पण पाठवलेल्यांचा वाढू लागला होता. बेलला कुणीतरी उत्तर देत होतं… दादा असता तर त्यानं दिलं असतं, तसं ताबडतोब.

उत्तर कुठे चाललंय ते तिनं काढून पाहिलं. प्रत्येक कार्डाला जन्मापासून आपला एकच पत्ता असतो. हा पत्ता खाटेचा नव्हता. सकाळीच साहेबांच्या केबिनमधला टीव्ही दुरुस्त करताना तिनं तो पाहिला होता.

वर साहेबांच्या केबिनचं दार लागल्याचा आवाज आला. त्यांना हाक मारायला तिनं तोंड उघडलं, आणि मिटून घेतलं.

मग वर केबिनमध्ये बेल वाजायला लागली.