मासळीच्या वासाचं इन्सुलिन

"इंजेक्शन दिलं, तरी बाबांची साखर उतरत नाहीये."

वॉर्डातून मुलीचा फोन आला, तशा औषध निरीक्षक बाई रुग्णालयात पोचल्या. म्हातारा बेशुद्ध होता. डॉक्टरांनी इन्सुलिनची बाटली उजेडात धरली. पाण्यासारख्या नितळ औषधात पांढरे कण तरंगत होते.

"हे गोठून वितळलंय. वाया गेलं," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी बाटलीचा रिकामा खोका नाकाशी नेला. मासळीचा वास!

पूल कोसळल्यापासून गावात इन्सुलिन नव्हतं. 'माझा ट्रक पलीकडे अडकलाय, येईलच,' असं ठोक व्यापारी सांगत राहिला. आज त्याने अचानक अव्वाच्या सव्वा भावाने बाटल्या काढल्या होत्या.

बाई हवालदाराला घेऊन त्याच्या दुकानात शिरल्या.

"माल आला कसा?"

"मच्छीमारांच्या होडीतून. वास येणारच की, बाई!"

"बर्फात ठेवून?"

"बर्फ कुठला? भर उन्हात आणला. लोकांसाठी मरमर मरायचं, आणि तुम्ही हुंगत बसा!"

"मासळीचं शीतगृह तुमच्या मेहुण्याचं ना?"

"त्याचा काय संबंध?"

"चला, बघू."

मेहुण्याने दार उघडलं. माशांच्या क्रेटांमागे औषधांचे खोके रचलेले होते, दगडासारखे कडक.

"दाजी म्हणाले, थंड जागी ठेव. मी सगळ्यात थंड खोली दिली," मेहुणा कौतुकाने म्हणाला. "कोळंबी वर्षभर टिकते इथे!"

"गप्प बैस, गाढवा!" व्यापारी ओरडला.

"उन्हातून आलेलं औषध गोठेल कसं?" बाई म्हणाल्या. "ट्रक अडकलाच नव्हता. खोक्यांवरच्या पावतीची तारीख बघा. माल पूल पडण्याआधीच आला होता. भाव चढावा म्हणून तुम्ही तो इथे दडवलात. इन्सुलिन गोठवायचं नसतं, एवढं मेहुण्याला सांगायचेही कष्ट घेतले नाहीत."

"बरं, चुकलं. उरलेलं फुकट वाटा."

"काय वाटू? सगळं नासलंय. रुग्णालय पहिल्याच दिवशी पलीकडे होडी पाठवणार होतं. तुमच्या ट्रकच्या भरवशावर थांबलं."

बाईंनी मुलीला फोन लावला. "पलीकडून चांगलं औषध मागवलंय. होडी निघालीय..."

"राहू द्या," मुलगी म्हणाली. "बाबा गेले."

बाईंनी फोन खाली घेतला. "तिचे वडील गेले," त्या म्हणाल्या.

"वय झालंच होतं हो त्यांचं," व्यापारी पुटपुटला.

हवालदार आजवर त्याला शेठ म्हणत आला होता. त्याने त्याचं मनगट धरलं.

"चल रे," तो म्हणाला.