सहा पायऱ्यांचं पोस्ट

संस्कृतीनं टेपचं टोक त्याच्या हातात दिलं, तेव्हा तो पोस्टमास्तर आहे हे तिला माहीत नव्हतं.

ऑगस्टचे दिवस होते. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रस्त्यावर उंबरदरा म्हणून गाव आहे. तिथं ती सकाळी नऊच्या एसटीनं उतरली. श्रावण असल्यानं गाडी दर्शनाला निघालेल्या लोकांनी भरलेली होती. उंबरदऱ्याला उतरणारी ती एकटीच. पाऊस बारीक पडत होता. रस्त्यालगतच पोस्टाची काळ्या दगडाची जुनी इमारत, दाराला कुलूप, आणि ओसरीवर एक तरुण रेनकोट झटकत उभा. पावसाला थांबलेला कुणी गावकरी असेल, असं तिला वाटलं.

"भाऊ, एवढं टोक जरा भिंतीला धरता का?"

त्यानं धरलं. ओसरीची लांबी झाली, रुंदी झाली, तीन कमानींमधली अंतरं झाली. ती आकडे वहीत उतरवत होती आणि तो ती सांगेल तिथं मुकाट्यानं टोक धरून उभा राहत होता. तासभर असंच चाललं. मग त्यानं मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

"आता सोडू का? धा वाजले. पोस्ट उघडायचंय मला."

त्यानं खिशातून किल्ल्या काढल्या. तिनं माफी मागितली, त्यानं असू दे म्हटलं. कुलूप काढता काढता, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "फकस्त एक करा... भाऊ तेवढं म्हणू नका."

पाठमोरा होता, त्यामुळे तो हसला की नाही, ते तिला कळलं नाही.

त्याचं नाव सुनील. गावाच्या वरच्या वाडीत तो आणि त्याची आई कोंडाबाई राहायचे. थोडी भातखाचरं होती, आणि तीन वर्षांपासून ही नोकरी. संस्कृती खालच्या ऊसपट्ट्यातल्या निरगुडसर गावची. वडील सयाजी ऊस लावायचे, चुलतभाऊ ट्रॅक्टर चालवायचे, आणि ती पुण्यात वास्तुकला शिकून तिथल्याच एका ऑफिसात लागली होती. एका संस्थेनं जिल्ह्यातल्या जुन्या टपाल-इमारतींची मोजणी काढली होती. ज्या इमारतीत अजून पोस्ट चालतं, तिची दुरुस्ती संस्था करून देणार होती. अट तेवढी एकच. उंबरदरा संस्कृतीच्या वाट्याला आला होता.

शंभर वर्षांपूर्वी गावच्या जमीनदारानं ही इमारत बांधून टपालासाठी भाड्यानं दिली होती. आता ती ग्रामपंचायतीची होती. चुन्यात बसवलेले घडीव दगड, वर कौलं, आत सागवानी चौकटीची गजांची खिडकी, आणि समोर सहा उंच पायऱ्या. जोतं साडेचार फुटांचं. पूर्वी टपालाची बैलगाडी थेट जोत्याला लावायची आणि थैल्या सरळ आत ओढून घ्यायच्या, म्हणून एवढी उंची.

हे सगळं तिनं सुनीलला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं की ही इमारत पाडून नवी बांधावी, असा अर्ज पंचायतीत गेला आहे, आणि त्यावर पहिली सही त्याची आहे.

"का?"

त्यानं वर बोट केलं. छतातून थेंब पडत होते. खाली पातेलं ठेवलेलं होतं, आणि कपाटातली पासबुकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत निर्णय व्हायचा होता. तिच्या हातात पाच दिवस होते. घोडेगावात मावशीकडे राहून ती रोज सकाळच्या गाडीनं यायची. सुनील पोस्ट उघडायच्या आधी तासभर आणि बंद केल्यावर तासभर टेप धरायचा. तिनं सांगितलं नव्हतं, त्यानं विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं घरून नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी आणली. आईनंच दिलीय, असं तो म्हणाला. पण डबा उघडताना तिच्या चेहऱ्याकडे तोच बघत होता.

तिसऱ्या दिवशी ती शिडीवरून छतावर चढली. तो खाली शिडी धरून उभा.

"कौलं गळत नाहीत," तिनं वरून सांगितलं. "पत्रा गळतोय."

कधीतरी कुणीतरी कौलांवरून पत्रा टाकला होता आणि सांधा सिमेंटनं बुजवला होता. पाणी तिथं अडून मागं फिरत होतं. पत्रा काढला, कौलं नीट बसवली, भिंतीवरचं सिमेंट खरवडून पुन्हा चुना केला, की थेंब आत येणार नाही. ती हे भराभर बोलत होती. केस ओले, गालाला शेवाळ लागलेलं. सुनील बघत राहिला.

"काय झालं?"

"काय न्हाई. पाय जपून टाका."

खाली उतरल्यावर त्यानं रुमाल पुढं केला आणि स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवलं, कुठं लागलंय ते. तिनं पुसलं. चुकीच्या बाजूला. त्यानं पुन्हा दाखवलं... या वेळी बोट जरा वेळ तिथंच राहिलं.

चौथ्या दिवशी नकाशा काढताना ती अडली. इमारतीच्या मागं एक लहानशी खोली होती. आत दगडी ओटा आणि भिंतीत लोखंडी खुंट्या. पण खोलीतून पोस्टात जायला दार नव्हतं, फक्त हातभर रुंदीचा झरोका. दार नंतर बुजवलं असेल, म्हणून तिनं भिंत चाचपली. दगडांची रांग कुठं तुटलेली नव्हती.

"दार नव्हतंच," सुनील म्हणाला.

ती खोली हलकाऱ्यांची होती. हलकारे म्हणजे टपालाची थैली खांद्यावर टाकून डोंगरातून पळणारे. त्यांच्या काठीला घुंगरं असायची, रानातल्या जनावरांनी बाजूला व्हावं म्हणून. घाटावरून आलेला हलकारा मागून यायचा, झरोक्यातून थैली आत द्यायचा, ओट्यावर पडायचा आणि दुसरी थैली घेऊन परत निघायचा. सुनीलचा पणजा जानकू पंधरा वर्षं असा पळाला. पोस्टाचा पुढचा भाग आतून कसा दिसतो, हे त्यानं कधी पाहिलं नाही. बांधणाऱ्यानं नकाशाच तसा केला होता.

संस्कृती बराच वेळ त्या झरोक्यापाशी उभी होती. मग म्हणाली, यासाठीच ही इमारत राहायला हवी.

सुनीलचं म्हणणं होतं, राहू दे. पण तिथं एक दार पाडावं. ती नको म्हणाली. दार पाडलं तर ते कधी नव्हतं हे कुणाला कळणारच नाही. यावर दोघं अर्धा तास वाद घालत बसले. पाऊस थांबला होता, ओसरीवर ऊन आलं होतं, आणि वाद संपू नये असं दोघांनाही वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, "बरं. भिंत तुमची. ऱ्हाऊ द्या तशीच."

त्याच दुपारी बयाबाई आली. अठ्ठ्याहत्तरीची म्हातारी, महिन्याचं अनुदान घ्यायला. पहिल्या पायरीशी तिनं काठी टाकली आणि दोन्ही हात टेकवून, लहान मूल रांगतं तशी, एकेक पायरी वर आली. सुनीलनं खाली जाऊन हात पुढं केला तर तिनं तो बाजूला सारला. वर येऊन श्वास घेत बसली, यंत्रावर अंगठा लावला आणि तशीच उलटी उतरली.

संस्कृतीनं हे पाहिलं. मग तिनं टेप काढली. साडेचार फुटांच्या जोत्याला पायऱ्यांऐवजी सोसवेल अशी चढण करायची तर चोपन्न फूट लांबी लागते. समोरचा रस्ता बारा फुटांवर, मागं पायवाटेपलीकडं कडा. चढण बसत नव्हती. टेपचं दुसरं टोक सुनीलच्याच हातात होतं. आकडा त्यानंही पाहिला. तिनं टेप गुंडाळली.

ग्रामसभेसाठी तिनं दोन पानांचं टिपण केलं. त्यात सगळं होतं. तो आकडा मात्र नव्हता.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. सरपंच संपतरावांनी तिला बोलायला सांगितलं. ती चांगलं बोलली. पत्र्याचं सांगितलं, चुन्याचं सांगितलं, हलकाऱ्यांच्या खोलीचं सांगितलं. म्हाताऱ्या माणसांचे डोळे ओले झाले. पोस्ट तिथंच राहिलं तर संस्था दुरुस्ती करून देईल, हे सांगितल्यावर तर माना डोलू लागल्या. मग सरपंचांनी पोस्टमास्तरांना विचारलं.

सुनील उठला. इमारत पाडायच्या अर्जावरची आपली सही मागं घेतो, असं त्यानं सांगितलं. मॅडमनी छतावर चढून दाखवलंय, दोष कौलांचा नाही. संस्कृतीनं श्वास सोडला.

"पण पोस्ट तिथनं हलवा," तो पुढं म्हणाला. "अंगणवाडीशेजारची खोली रिकामी हाये, रस्त्याच्या बरोबरीला. बयाबाई हातापायावर चढती. आमी दर म्हयन्याला बघतो. इमारत ऱ्हावी, पोरं अभ्यासाला बसतील. पोस्ट खाली आणा."

मागच्या रांगेतून बयाबाई म्हणाली, "खरं बोलला." मग हात वर झाले. इमारत राहिली, पोस्ट हललं, आणि संस्थेची दुरुस्ती गेली.

एसटी यायला वेळ होता. संस्कृती थांब्यावर उभी होती. सुनील आला आणि चार हात अंतरावर थांबला.

"अट माहीत होती तुम्हाला," ती म्हणाली.

"व्हती."

"मग?"

"तुमच्या बाजूनं बोललो असतो, तर उद्या तुमालाच वाटलं असतं, पोरगी आवडली म्हणून बोलला."

पाऊस पुन्हा बारीक सुरू झाला होता. तिनं विचारलं... विचारू नये असं ठरवूनही विचारलं, "आणि तसं नाही?"

"आवडली. ते येगळं."

तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मग म्हणाली, "चोपन्न फुटांचं सभेत सांगितलं नाहीत. तुम्हाला ठाऊक होतं, मी लपवलं ते."

"तो आकडा तुमचा व्हता. तुमीच सांगायचा."

गाडी आली. ती चढली. खिडकीशी जागा मिळाली, पण तिनं बाहेर पाहिलं नाही. तिला लाज वाटत होती, आणि लाज कशाची वाटतेय हे नीट कळत होतं, म्हणून ती जास्तच वाटत होती.

पुण्याला जाऊन तिनं अहवाल लिहिला. त्यात चोपन्न फूट लिहिले, बारा फूट लिहिले, आणि पोस्ट खाली न्यायचा गावाचा निर्णय योग्य आहे, असंही लिहिलं. ऑफिसातल्या सरांनी ते वाक्य गाळता येईल का, असं विचारलं. ती नाही म्हणाली. संस्थेचं पत्र अपेक्षेप्रमाणे आलं. इमारत अटीत बसत नाही. त्यात संस्थेचं चुकलं असं तिला वाटलं नाही.

तीन आठवडे तिनं सुनीलला फोन केला नाही. त्यानंही नाही. नंबर दोघांकडे होता.

सप्टेंबरच्या एका रविवारी ती उंबरदऱ्याला उतरली. सोबत जुन्नरचे दोन गवंडी होते, चुन्याचं काम येणारे. तिनं सरपंचांना आधीच विचारलं होतं. चुना, वाळू गावानं द्यायची, हात गावाचे, आणि देखरेख ती करणार, सुट्टीच्या दिवशी. सुनीलला हे संपतरावांकडून कळलं. तो वाडीवरून खाली आला तेव्हा ती कौलं मोजत होती. तिनं नुसतं वर पाहिलं आणि म्हणाली, "पत्रा काढायचाय. चार माणसं लागतील."

तो चार माणसं घेऊन आला.

असे सात रविवार गेले. पत्रा उतरला, भिंतींवरचं सिमेंट निघालं, दगड मोकळे झाले. अंगणवाडीशेजारच्या खोलीत पोस्ट सुरू झालं. बयाबाई काठी टेकत आत यायची आणि गर्दी नसली तरी तासभर बसायची. कोंडाबाई कामावर सगळ्यांसाठी भाकरी पाठवायची. दोघं कामापुरतं बोलायचे. थांब्यावरच्या त्या बोलण्याचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. तिला त्याचा राग यायचा, आणि मग बरंही वाटायचं.

आठव्या रविवारी भात पिवळं पडलं होतं. गवंडी जेवायला गेले होते. ती दोघं ओसरीवर बसली होती, चुन्यानं हात पांढरे झालेले.

"घरी सांगितलंय मी," ती म्हणाली.

"काय?"

"दर रविवारी कुठं जाते, असं वडिलांनी विचारलं. मग सगळंच सांगितलं."

सुनील सरळ बसला. ती सांगत गेली. वडील म्हणाले, पोरगा आपल्यातला न्हाई, डोंगरातला हाये, लोक बोलतील. चुलत्यांनी तर दोन दिवस जेवणावर राग काढला. आई रडली. तिसऱ्या दिवशी वडिलांनी पुन्हा विचारलं, त्याच्यात असं काय पाहिलंस?

"मग तुमी काय सांगितलं?"

"म्हटलं, सगळ्या गावासमोर माझ्या विरोधात बोलला, आणि मी चुकले ते मात्र कुणाला सांगितलं नाही."

तो हातावरचा वाळलेला चुना अंगठ्यानं काढत राहिला. मग त्यानं विचारलं, वडील काय म्हणाले.

"म्हणाले, हो म्हणत न्हाई मी. पण पुढच्या रविवारी जेवायला बोलव. बघू तरी."

उतारावरून गवंड्यांचे आवाज येऊ लागले. सुनील उठला, पुन्हा बसला. मग अगदी हळू, जणू नकार आला तर ऐकू न आल्यासारखं करता यावं म्हणून, त्यानं विचारलं, "आईला संगं आणू का?"

दोन महिने ती त्याला तुम्ही म्हणत आली होती.

"घेऊन ये," संस्कृती म्हणाली. "आणि दुपारच्या आत पोच. उशीर केलास तर चुलते जेवून झोपतात."