फणसावरचा डबा

मॉसिनरामच्या उतारावरच्या जंगलात बेडकांचे आवाज टिपायला रिदाहुनने झाडांना रेकॉर्डर बांधले होते. पण पावसाळाभर तिची खरी झुंज चालायची ती ओलाव्याशी. रेकॉर्डरच्या डब्याच्या रबरी कडेला ग्रीस, माइकवर स्पंजची टोपी, आत निळ्या खड्यांची पुडी. दमट हवा शोषली की खडे गुलाबी व्हायचे आणि बदलावे लागायचे.

"या पावसात माशालासुद्धा पडसं होईल, कॉंग," किरमेन म्हणायचा. गावातलाच तो, तिच्याहून मोठा; तरी मानाने तिला कॉंग, म्हणजे ताई म्हणायचा, आणि ती त्याला बाह, म्हणजे दादा. डब्यांची निगा त्याच्याकडे होती.

ओढ्यापलीकडच्या फणसावरच्या डब्यातले खडे मात्र निळेच राहिले. बोटांनी दाबले तर कुरकुरीत लागत होते.

रिदाहुनच्या मनात पाल चुकचुकली. ओढा ओलांडायचा कंटाळा, म्हणून किरमेन यंत्र घरी चुलीपाशी ठेवत असणार. रेकॉर्डिंग ऐकलं आणि संशय पक्का झाला. पाऊस नाही, बेडूक नाही. लाकडं तडतडत होती. कुणीतरी सुपारी कातरत होतं.

तिने डब्याला चिकटपट्टी लावली, तीवर स्वतःची सही केली. शेजारीच दुसरा रेकॉर्डर बांधला. आणि तिथेच, धो धो पावसात, किरमेनला सुनावलं.

"बाह किरमेन, हा तुमच्या घरातला आवाज आहे. मला काय वेडी समजता?"

"माझ्या घरी गॅस आहे, कॉंग," तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "चोर ठरवायचं तर ठरवा. उद्यापासून येत नाही मी."

पुढच्या आठवड्यात तीच त्याला घरून बोलावून घेऊन आली. पट्टी जशीच्या तशी होती. ती सोडून दोन्ही रेकॉर्डरमधली कार्डं काढली, डबे झाडावरच ठेवले. दुपारी संशोधन केंद्रावरच्या खोलीत दोघं ऐकायला बसले. पत्र्यावर पाऊस कोसळत होता.

दुसऱ्या रेकॉर्डरमध्ये नुसता पाऊस आणि त्यांचं भांडण.

पहिल्यात चूल. मग भिंतीपलीकडून यावं तसं दबकं, त्यांचंच भांडण.

"बाहेर कोण गं भांडतंय?" एक म्हातारा आवाज. अगदी माइकपाशी.

"भिजतायत बिचारे."

"मग घे ना आत."

स्टूल सरकलं. कडी वाजली.

रिदाहुनने रेकॉर्डिंग बंद केलं. ही चेष्टा असेल म्हणून ती किरमेनकडे बघत राहिली. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"फणसावरून काढून आणतो तो डबा," तो उठला.

"नका जाऊ."

"माझ्यावर आळ आलाय, कॉंग. मीच आणणार."

इरलं पाठीवर टाकून तो गेला.

अंधारायच्या आत परत आला. पाऊस तसाच होता. पाठीवर इरलं नव्हतं, तरी अंगावर एक थेंब नव्हता. केसांना लाकडाच्या धुराचा वास येत होता.

"डबा कुठंय?" तिने विचारलं.

"राहू दे तिथंच," तो हसून म्हणाला. "त्यांची काही हरकत नाही म्हणे."