मागचं डावं दार

करडी गावच्या लग्नात रुपा दिसेनाशी झाली, तेव्हा हर्षाच्या हातातली पत्रावळ तिथंच राहिली. मांडव, आचाऱ्याची चूल, विहीर... विहिरीत तर ती दोनदा डोकावून आली. चार वर्षांची पोर, जाऊन जाऊन जाईल कुठं? तेवढ्यात रस्त्याकडून भोंगा वाजला. पों... पों-पों...

झेंडूच्या माळा ल्यालेल्या पांढऱ्या अँबेसेडरमध्ये, ड्रायव्हरच्या मांडीवर रुपाबाई बसल्या होत्या.

"कोणाले इचारून नेलं हो तिले?" हर्षा गाडीपाशी धावत आली.

"मी कायले नेतो, मॅडम? तीच आली. म्हणे, हा हत्ती कोणाचा?" तो हसला. "आता हत्तीवाल्यानं लेकराले नाही म्हणावं का?"

तिला चांगलं फैलावर घ्यायचं होतं त्याला. पण रुपाला उतरवताना त्यानं दाराच्या कडेवर आपला पंजा धरला... पोरीचं डोकं आपटू नये म्हणून. एवढीशी हालचाल. हर्षानं ती पाहिली आणि राग कुठं सांडला, कळलंच नाही.

त्याचं नाव प्रफुल्ल. बपेरा गावचा. लग्नसराईत नवरदेवाला मिरवायचा, एरवी भाडं मारायचा; हर्षाही त्याच्याच गाडीनं जाऊ-येऊ लागली. त्याचा जन्मच म्हणे अँबेसेडरच्या मागच्या सीटवर झालेला, तुमसरच्या दवाखान्यात पोचायच्या आधी. बाप चिंधू तेव्हा टॅक्सी चालवायचा.

"आईच्या अगुदर इंजिनाचा आवाज आयकला मी," तो सांगायचा. "ही तिसरी हाय. तिन्ही अँबेसेडरच."

"आणि नवीन गाडी घ्यावी वाटत नाही?"

"मी एकदा जीव लावला ना, मॅडम, की मंग सोडत नाही." आणि आरशातून बघत, हळूच, "...गाडी म्हणा, का माणूस म्हणा."

तुमसरच्या शाळेत शिकवणाऱ्या, नवऱ्यापासून फारकत झालेल्या बाईला हे वाक्य कुठं जाऊन लागलं असेल! मोबाईल बदलावा तशी बायको बदलणारा माणूस तिनं भोगला होता. जो गाडी बदलत नाही, तो आपल्यालाही बदलणार नाही... हा हिशेब तिनं मनातल्या मनात मांडला आणि त्यावर जीव टाकला.

मग रविवार आले. चांदपूरचा तलाव, कमळं, पुढच्या लांबलचक सीटवर दोघांमध्ये ठेवलेली भज्यांची पुडी... आणि दर खेपेला थोडी कमी होत गेलेली मधली जागा. हर्षाची आई पार्वताबाई म्हणाली, "माणूस गोड हाय, पोरी. दिवाळी झाली की पाट लावून देतो तुहा." दुसरं लग्न. हर्षा लाजली. लाजता येतं अजून, याचंच तिला नवल वाटलं.

पोळ्याच्या सुमारास मागच्या डाव्या दाराचा खटका झिजून गेला. खड्डा आला की दार उघडायचं. प्रफुल्लनं आपल्या खांद्यावरच्या दुपट्ट्यानं ते आतून घट्ट बांधून टाकलं.

"मंगेश मिस्त्री दुसऱ्या गाडीचा बसवून देतो म्हणते ना?" हर्षानं विचारलं.

"पत्रा कापा लागते त्याच्यासाठी! अँबेसेडरच्या अंगाले परका खटका? नागपूरच्या भंगारात सांगून ठेवलं हाय. असली सापडन."

"तवरी पोरीनं काय करावं?"

"तवरी दुपट्टा हाय ना. माही गाठ सुटत नाही, हर्षा."

त्या दिवसापासून ती रुपाला घेऊन मागच्या सीटवर उजव्या बाजूला बसू लागली. एकदाच, फक्त एकदाच, तो म्हणाला, "आज तरी पुढं ये ना... किती दिवस झाले." आणि ती गेली.

गेली खरी, पण मान मागेच होती. म्हणून तिला दिसलं. रुपानं खेळता खेळता गाठ सोडली होती, वळण आलं, आणि दार पंखासारखं उघडलं. हर्षानं सीटवरून झेप घेऊन फ्रॉक धरला. शिवण टरटरत फाटली. पण पोर आत राहिली.

गाडी थांबली. प्रफुल्ल पांढराफटक पडून धावत आला. मैलाच्या दगडाला दार घासलं होतं. आणि रुपाकडे वळायच्या आधी त्याचा तळवा त्या ओरखड्यावरून फिरला... क्षणभरच. मग त्यानं पोरीला छातीशी धरलं, रडलासुद्धा. रडणं खोटं नव्हतं.

पण हर्षाच्या डोळ्यांपुढून तो तळवा हलेना. करडीच्या लग्नात दाराच्या कडेवर त्यानं पंजा धरला होता, तो कोणासाठी? पोरीच्या डोक्यासाठी... की रंगासाठी?

तिनं फोन उचलणं सोडलं.

दिवाळीच्या तोंडावर घरासमोर भोंगा वाजला. प्रफुल्ल उतरला तो चेहराभर उजेड घेऊन.

"सापडला, हर्षा! असली! पाह्य..." त्यानं मागचं दार लावून दाखवलं. खट्. "आता तं चाल."

"मंगेशचा खटका कधी बसला असता?"

"तो... त्याच दिवशी. पण—"

"त्या 'पण'च्या भरवशावर माही पोर बसली होती."

प्रफुल्लनं गाडीकडे पाहिलं. मग एकदम म्हणाला, "इकू का गाडी? सांग. आजच इकतो."

तो विकेल, हे तिला दिसत होतं. आणि मग जन्मभर रुपाकडे बघताना त्याला ती विकलेली गाडीच आठवेल, हेही दिसत होतं.

"नोका इकू," ती म्हणाली. "तुमी सोडणारे नाही, म्हणूनच तं जीव लागला होता."

आतून रुपा धावत आली, "हत्ती आला!" प्रफुल्लनं सवयीनं मागचं दार उघडलं, कडेवर पंजा धरला आणि हर्षाकडे पाहिलं.

हर्षानं रुपाला उचलून घेतलं. तिनं त्याचा हात अलगद बाजूला केला, आणि बाहेर उभ्या उभ्याच दार लोटलं.

पहिल्याच झटक्यात लागलं. किती छान लागत होतं आता...