बांधावरची कालवं

“किल्लेदारसाहेब, आपल्या ताटातली ही कालवं कुठल्या दगडावरची?”

हा प्रश्न भर सदरेवर विचारून दाखव, अशी पैज केशर आणि सुभी या मैत्रिणींनी विहिरीवर लावली होती. आणि ओहोटीची वर्दी द्यायला रोज गडावर जाणाऱ्या सोळा वर्षांच्या आवडीने ती हसत हसत घेतली होती, आणि आता सदरेवर उभी राहून तिने तो विचारला होता.

खाली खाजणाच्या दलदलीवर तांबडं फुटत होतं. खारदुर्गाचं बेट किनाऱ्याशी जोडणारा अर्ध्या कोसाचा दगडी बांध ओसरत्या पाण्यातून हळूहळू वर येत होता. या बांधात चुना नव्हता. दगडांवर जिवंत कालवं वाढत, त्यांची कवचं एकमेकांत रुतत आणि दगडाला दगड जखडून धरत. म्हणून बांधावरचं एकही कालव काढू नये, हा तीन पिढ्यांचा दंडक होता, आणि तो राखणारा बांधकरी होता आवडीचा बाप, धाकोजी पागधरे.

समुद्राकडून गनिमाच्या गलबतांनी गड कोंडला होता. आज याच बांधावरून कुमकेच्या तोफा यायच्या होत्या, आणि किल्लेदार सुभानराव न्याहारीला बसले होते! त्यांनी एक कालव सुर्रकन ओढलं. हनुवटीवरून ओशट पाणी ओघळलं. आवडीला शिसारी आली.

“तुझ्या बापालाच विचार की,” किल्लेदार बोटं चाटत म्हणाले. “मधल्या वळणावरची चव त्यालाच ठाऊक. आमच्या पंगतीला बसून खातो तो.”

मानकरी खो खो हसले. मधलं वळण म्हणजे खाजणाचा सर्वांत खोल गाळ.

“साहेब, तिथून तोफा यायच्यात.”

“येतील तेवढ्या येतील,” किल्लेदार म्हणाले, आणि त्यांनी पुढचं कवच फोडलं. त्या स्वरात काळजीचा लवलेशही नव्हता. तेव्हा तिला कळलं, की ही नुसती जिभेची हाव नव्हे.

ती धावत सुटली. बांधाचं मधलं वळण तिने ओलांडलं, तेव्हा समोरून बैल जुंपलेले तोफांचे गाडे येत होते, आणि पुढे घोड्यावर सरदार जोत्याजीराव निगडे.

“मुली, वाट सोड. भरतीपूर्वी आम्हांस पार व्हावयाचे आहे.”

“पुढचे दगड सुटे आहेत, सरकार. तोफा गाळात जातील.”

“खुद्द किल्लेदारांनी लिहिले आहे, बांध मजबूत आहे म्हणून. त्यांचे खोटे आणि तुझे खरे?”

“मग एक रिकामा गाडा द्या. मीच हाकते.”

स्वार हसले. “हिला नवरा हाकायला द्या आधी,” मागून कोणी म्हणालं. जोत्याजीराव मात्र हसले नाहीत. त्यांनी गाडा दिला.

वळणावर दहा पावलं गेली असतील नसतील, तोच दगड घसरले आणि चाक खाली गेलं. आवडीने झेप घेऊन जोताचे दोर कमरेच्या कोयत्याने तोडले, बैल माघारी वळले, आणि गाड्यासोबत ती स्वतः काळ्या, कुजक्या चिखलात गळ्यापर्यंत रुतली. तोंडात गाळ गेला. स्वारांनी दोर टाकून तिला ओढून काढलं, तेव्हा हसणारं कोणी उरलं नव्हतं.

त्या खिंडारावर माडाचे ओंडके पडले आणि भरतीचं पाणी चढायच्या आत शेवटची तोफ गडावर गेली. दुपारपर्यंत गलबतांनी शिडं फिरवली. झडतीत किल्लेदाराच्या पेटीत गनिमाने दिलेलं अभयाचं कौलपत्र सापडलं, आणि साहेबांच्या हातात बेड्या पडल्या.

संध्याकाळी भिवराबाई लेकीच्या केसांतला गाळ धूत होती. धाकोजी उंबऱ्यात बसला होता.

“फितुरीचं मला ठाऊक नव्हतं गं,” तो म्हणाला. “साहेबांनी मला, बांधकऱ्याला, शेजारी पाट मांडून दिला. नाही कसं म्हणायचं?”

“तोफा येणार ही दवंडी तर ऐकली होती ना, आबा?”

धाकोजी हाताची बोटं धोतराला पुसू लागला. त्याच्या नखांत कालवांची हिरवट घाण अजून तशीच होती. तिने तोंड फिरवलं.

“आये, उद्या सरदारांपुढे जबान्या आहेत,” ती म्हणाली. “बांध कोणी सोलला ते मी सांगणार आहे. आबांचं नाव घेऊन.”

भिवराबाईचा हात थांबला. “अगं, बाप आहे तो.”

“म्हणून तर आज तुम्हां दोघांना आधी सांगतेय.”